पावसात कुंड्या पिवळ्या पडायल्यात (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या बागेचा धागा)

टिळकवाडीची_जास्वंद
नमस्कार मंडळी. गच्चीवर आणि दारात मिळून बऱ्यापैकी कुंड्या आहेत. मिरगाचा पाऊस झाला तेव्हा सगळं टवटवीत होतं. आता तरणा (पुनर्वसू) सरून म्हातारा (पुष्य) पाऊस लागला, ऊन म्हणून दिसत नाही, आणि एकेकाची कुरकुर सुरू झालीय. मोगरा खालून वरपर्यंत पिवळा. कुंडीतली माती वरून शेवाळलेली आणि आत बोट शिरत नाही इतकी घट्ट. तुळस काळी पडून झडायलीय. जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस, त्यावर मुंग्यांची ये-जा. कढीपत्ता तर आणला तेव्हा होता तेवढाच. सासूबाई म्हणतात ताक घाल, यूट्यूबवर म्हणतात एप्सम सॉल्ट घाल.

यूट्यूबवाले बहुतेक उत्तरेकडचे. त्यांची माती वेगळी, पाऊस वेगळा. म्हणून म्हटलं आपल्या भागातल्यांनाच विचारावं.

लालमाती_खानापूर
ताई, पहिलं काम म्हणजे झारी उचलून माळ्यावर ठेवा. हसू नका. रोजची सवय म्हणून भर आषाढात आडोशाच्या कुंड्यांना पाणी घालणारे आमच्या गल्लीत आहेत.

मोगरा उपाशी नाही, त्याची मुळं गुदमरलीत. मुळांनाही हवा लागते. आपली लाल माती बारीक आणि चिकण. पावसाचे थेंब सतत आपटले की वरचा थर चोपून बसतो, आतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं कुजायला लागतात. अशा वेळी खत घालून उपयोग नाही. मुळं ते उचलत नाहीत, आणि नत्र पाण्याबरोबर भोकातून निघून जातं.

आत्ता एवढंच करा. कुंडीखालच्या ताटल्या काढा. कुंडी कौलाच्या दोन तुकड्यांवर ठेवा. भोकात खालून काडी घालून बघा, बऱ्याचदा ते मुळांनी नाहीतर गाळाने बुजलेलं असतं. पागोळ्या थेट कुंडीत पडत असतील तर ती आधी हलवा, अख्ख्या छपराचं पाणी तिच्या बोडक्यावर येतं. मातीवर वाळकी पानं पसरा. माती बदलायचं काम गणपती झाल्यावर, चांगली उघडीप मिळाली की.

बदलाल तेव्हा लाल माती दोन घमेली, जुनं शेणखत दोन घमेली, भाताचा तूस एक घमेलं आणि मूठभर निंबोळी पेंड. तूस कुठल्याही राइस मिलबाहेर ढिगाने पडलेला असतो. अर्धवट जाळून घेतला तर जास्त टिकतो. शेणखत हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही. कोकोपीट उन्हाळ्यात ठीक. पाणी धरून ठेवणं हेच त्याचं काम, आणि आत्ता आपल्याला नेमकं तेच नको.

कंग्राळीचा_बागवान
सर बरोबर बोललेत. पण तळाला चार बोटं खडी घालायची राहिली की. आमच्या आज्ज्यापासून घालतोय. पाणी पटदिशी निघून जातंय.

बागायतवाली
दादा, खडीवर जरा बोलू का? मी अरभावीच्या बागायत कॉलेजची, तिथे पहिल्या वर्षाला ह्याच्यावरच आमची वादावादी झाली होती.

बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. माती तुडुंब भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे तळाशी राहणारा ओला थर चार बोटं वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. वर मातीची जागा खडीने खाल्ली ती वेगळीच. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. पटत नसेल तर पाण्याची एक पारदर्शक बाटली कापा, बुडाला भोक पाडा, खाली खडी आणि वर माती भरून पाणी ओता. ओल कुठे थांबते ते बाहेरूनच दिसतं.

कंग्राळीचा_बागवान
बघतो करून. पण जमिनीत झाड लावताना चर काढून खडी भरतो ते तर चालतंय नव्हं?

बागायतवाली
ते चालतं की. चरातून पाण्याला लांब जायला वाट असते. कुंडीत वाट एकच, ते भोक.

अनगोळच्या_काकू
तुळशीचं मी सांगते. जुन्या घरातलं वृंदावन नीट बघा. चारी बाजूंनी बांधलेलं, तळ सिमेंटचा, पाण्याला बाहेर जायला जागाच नाही. दर पावसाळ्यात तुळस जाते आणि घरात कुणाची तरी नजर लागली म्हणून चर्चा. गवंड्याकडून बुडाशी बाहेरच्या बाजूला उतरतं असं एक भोक पाडून घ्या.

दुसरं मंजिऱ्यांचं. बी धरलं की तुळशीला वाढायची घाई राहत नाही, पानं लहान होतात आणि काड्या व्हायला लागतात. मंजिरी कोवळी असतानाच खुडून देवाला वाहा. बी हवं असेल तर एकाच फांदीवरचं ठेवा. आणि रोज बुंध्यात दूध, हळदकुंकू, अगरबत्तीची राख जाते, ते ताम्हनात घ्या.

वडगावकर
काकू, शेवटचं वाक्य आमच्या आईला तुम्हीच येऊन सांगा. माझं ऐकणार नाही.

अनगोळच्या_काकू
मग पूजेची तुळस पुढं आणि औषधाची मागं परसात. काढ्याला पानं परसातल्या तुळशीची घ्यायची. आमच्याकडे असंच आहे, भांडण नको.

निपाणीचा_नाद
जास्वंदीच्या कापसावर आमच्याकडं एकच औषध. तंबाखूचा चुरा रातभर भिजत घालायचा, सकाळी उकळून गाळायचा, जरा साबण घालून मारायचा. मावा, कापूस सगळं साफ. निपाणीत चुरा मागेल तेवढा मिळतोय, बेळगावकरांनी पानपट्टीवर चौकशी करावी ;)

बागायतवाली
काम होतं ह्यात वाद नाही, निकोटिन हे कीटकांचं विषच आहे. पण ते माणसाच्याही कातडीतून आत जातं. ओल्या तंबाखूत काम करणाऱ्या बायकांना मळमळ, गरगर होते ती त्यानेच, हे निपाणीकराला मी काय सांगणार. निकोटिन सल्फेट कीटकनाशक म्हणून वापरायला आपल्या देशात बंदी आहे. घरी उकळलेल्या काढ्यात किती उतरलंय हे तर मोजायचीही सोय नाही. आणि जास्वंदीशेजारी पुदिना, कोथिंबीर असतेच की.

त्याहून मला काळजी टोमॅटो-मिरचीची. तंबाखूत मोझॅकचा विषाणू असू शकतो आणि तो वाळलेल्या पानातही टिकून राहतो. टोमॅटो, मिरची, वांगं ही सगळी तंबाखूचीच भावकी. पानावर फिकट-गडद हिरवी नक्षी उठली, पान आकसलं, की त्याला औषध नाही. रोप उपटून लांब टाकायचं.

निपाणीचा_नाद
उकळल्यावर कसला विषाणू राहतोय ताई?

बागायतवाली
चांगलं दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळलं तर राहत नाही, मान्य. पण चुरा चाळलेले हात, ते घमेलं, तो फडका? हा विषाणू कुठल्या किड्यावर अवलंबून नाही, नुसत्या हातावरून जातो. तंबाखू मळून तसंच टोमॅटोचे फुटवे खुडायला गेलं तरी पुरतं.

कंग्राळीचा_बागवान
हे मात्र खरं. टोमॅटोच्या वाफ्यात शिरायच्या आधी साबणाने हात धुवायचे हा आमच्यात नेम आहे. कामाला येणाऱ्यांत मिसरी-तंबाखू नसलेला सापडायचा नाही, मालक धरून.

निपाणीचा_नाद
बरं, हरलो. टोमॅटोपासून लांब ठेवतो. जास्वंदीवर मी तंबाखूच मारणार.

टिळकवाडीची_जास्वंद
आणि मी काय मारू? घरात दोन मांजरं आहेत, तंबाखू नकोच.

बागायतवाली
ह्या पावसात मारलेलं काहीही धुऊन जाईल, म्हणून आधी हातानेच. फार भरलेले शेंडे कापा आणि पिशवीत बांधून टाका, खताच्या खड्ड्यात नको. उरलेल्यावर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फिरवा, विशेषतः पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो त्या बेचक्यात. तुमचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि तो तिथेच दडलेला असतो. मग नळीने जोरात पाणी.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय हे थांबणार नाही. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याला राखतात आणि त्याला खायला येणाऱ्या किड्यांना पिटाळून लावतात. कुंडी स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. झाडाची फांदी भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर त्या तिथून पूल करतात.

उघडीप मिळाली की एक लिटर कोमट पाण्यात आधी ३ मिली पातळ साबण घोळवा, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल. उलट क्रमाने केलं तर तेल वर तरंगत राहतं आणि पानं भाजतात. संध्याकाळी, पानांच्या खालून मारायचं. आठवड्याने पुन्हा. ऊन पडलेलं असताना नाही.

टिळकवाडीची_जास्वंद
सगळं केलं. मुंग्यांच्या वाट्या तर सासूबाईंनाच आवडल्या. पण फोटो बघा, ह्यातला एक कापूस बाकीच्यांपेक्षा मोठा आहे, अंगावर लांब पांढरे झुपके, आणि बऱ्यापैकी पळतोय. हा काय नवीन प्रकार?

बागायतवाली
अजिबात मारू नका त्याला! ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे. पिठ्या ढेकणाच्या वेशात त्यांच्यातच राहून त्यांनाच खाते. ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीत, आकार मोठा आणि पळ जास्त. पिठ्या ढेकूण जागचा हलायला वेळ लावतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला होता. ज्या फांदीवर दिसतोय तिथे आता काहीही फवारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही.

निपाणीचा_नाद
माझ्या तंबाखूने हा पण मरत असणार मग.

बागायतवाली
हो.

अथणीची_लेक
तुम्ही सगळे पावसाने रडताय, आमच्याकडे अजून ढगाकडे बघणं चाललंय. काळी माती, बोअरचं जड पाणी. लिंबू, गुलाब, जास्वंद तिघांचीही नवी पानं पिवळी निघतात, काही तर पांढरटच, पण शिरा हिरव्यागार. जुनी पानं ठीक. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरलाय. शेजारच्या वहिनींनी गंजके खिळे पुरायला सांगितलेत. वरचं वाचून पाणी कमी केलं तर झाडं माना टाकायलीत.

लालमाती_खानापूर
बाई, माझं वरचं काही तुम्ही जसंच्या तसं उचलू नका. आमच्या तालुक्यात कणकुंबीला एकट्या जुलैत जेवढा पडतो तेवढा अथणीला अख्ख्या वर्षात पडत नाही. जिल्हा एक असला म्हणून काय झालं. इथून पुढे प्रश्न विचारणाऱ्यांनी गाव, माती आणि पाणी नळाचं की बोअरचं हे आधी लिहावं, नाहीतर उत्तर देणाऱ्याने तरी विचारून घ्यावं. "पानं पिवळी पडलीत" ह्याला एक उत्तर नाही.

बागायतवाली
सरांना +१. पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत वर आली तर नत्र कमी. सगळंच झाड मलूल, पिवळं आणि माती ओली, तर पाणी जास्त. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये.

अथणीच्या ताईंचं तिसरं. गंमत अशी की मातीत लोह भरपूर असतं. पण चुनखडीच्या काळ्या मातीत, त्यात बोअरच्या क्षारांचं पाणी, म्हणजे लोह असूनही विरघळत नाही आणि मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून खिळे पुरून काही होत नाही, तेही तसंच अडकून पडतं. नुसती हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घातली तरी तीच गत.

हिराकस पानावर द्या. एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, द्रावण स्वच्छ फिकट दिसायला हवं. तांबूस झालं तर फेकून द्या. संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर आणि कपड्यांवर डाग पडतात, निघत नाहीत. दुकानात चिलेटेड लोह मिळतं, पण तुमच्या मातीसाठी ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या. ईडीटीए स्वस्त असतं, मात्र चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

खरा इलाज पाण्याचा. पाऊस पडेल तेव्हा छपराचं पाणी पिंपात धरा, पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्या, आणि ते फक्त लिंबू-गुलाब-जास्वंदीला राखून ठेवा. जोराचा पाऊस आला की कुंड्या मुद्दाम बाहेर काढा, भोकातून भरपूर पाणी वाहू द्या, क्षार धुऊन जातात. म्हणजे जे बेळगावात टाळायचं तेच अथणीत करायचं.

कुंडीत काळी माती तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बाकी कुजलेला पालापाचोळा, शेणखत. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) तुमच्याकडे सहज मिळते, पण नीट कुजलेली घ्या, ताजी आतून तापते.

चिकोडीकर
मळीला अनुमोदन. उकिरड्यावर पावसाळाभर कुजवलेली मळी आमच्या पपईला घालतो. ताजी घातलेली एका नातेवाइकाची अबोली मात्र होरपळली होती.

अथणीची_लेक
हिराकस मिळाली, फवारली. नव्या पानांवर हिरवे ठिपके दिसायलेत, अख्खं पान अजून नाही. माती आणि पाणी तपासून कुठे मिळेल?

बागायतवाली
ठिपके म्हणजे जिथे थेंब बसला तिथे लागू पडलं. पुढच्या वेळी बारीक तुषार करा, द्रावणात चिमूटभर साबण घाला म्हणजे थेंब पसरेल. तपासणीला तुमच्या होबळीच्या (तालुक्यातल्या गावगटाच्या) रयत संपर्क केंद्रात विचारा, नमुना कसा घ्यायचा तेही सांगतात. बैलहोंगलकडच्यांना मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र जवळ. बेळगावातल्यांनी ह्यूम पार्कात बागायत खात्याकडे चौकशी करावी.

टिळकवाडीची_जास्वंद
माझा कढीपत्ता सगळ्यांच्या गडबडीत राहिला!

अनगोळच्या_काकू
ताक घालू नकोस पावसात, चिलटं होतील. आणि एकेक पान खुडायचं बंद कर. शेंड्याकडून वीतभर फांदीच कापायची, त्याखालून दोन-तीन फुटवे येतात.

बागायतवाली
काकूंचं छाटणीचं लाखमोलाचं. कढीपत्त्याला ऊन आणि ऊब लागते. बेळगावच्या थंडीत तो बसून राहतो, तेव्हा त्याच्यामागे लागू नये. होळीच्या सुमारास गुडघ्यापर्यंत छाटा, मोठ्या कुंडीत हलवा, शेणखत द्या. बघा उन्हाळ्यात कसा सुटतो. फुलोरा दिसला की खुडा. उन्हाळ्यात पातळ ताक पेलाभर अधूनमधून दिलंत तर बिघडत नाही, सासूबाईंचाही मान राहतो. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं, पावसाने धुतलेल्या लाल मातीत ते कधी कमी पडतं. पण तेव्हा जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होतो. तुमचं झाड हिरवं आहे ना, मग कशाला.

आणि पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि झाड फस्त करते.

वडगावकर
ती अळी आम्ही लेकीसाठी बरणीत ठेवली, फुलपाखरू निघालं. कढीपत्त्याचा अर्धा शेंडा गेला, पण शाळेत भाव वधारला.

गडहिंग्लजकर
सीमेपलीकडून आलोय, चालेल ना? कागदी लिंबाच्या पानावर आणि फळावर खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं कडं. पाऊस वाढला की वाढतं.

कंग्राळीचा_बागवान
या की, माती तीच आहे. हा खैऱ्या. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारा. घरापुरतं एक लिटर करा. मोरचूद १० ग्रॅम अर्ध्या लिटरात, कळीचा चुना १० ग्रॅम अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्याच भांड्यात. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतायचं, रंग आकाशी आला पाहिजे. मग घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबडा थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. न बघता मारलं तर कोवळी पानं जळतात. त्याच दिवशी वापरून संपवायचं.

फोड आलेल्या फांद्या आधी छाटायच्या, पण कोरड्या दिवशी. भिजलेल्या झाडाला कात्री लावली की तोच रोग आपण सगळीकडे फिरवतो. आणि पानावर नागमोडी चंदेरी रेघा असतील तर नागअळी पण आहे, तिच्या जखमेतून खैऱ्या आत शिरतोय. नवी पालवी आली की कडुनिंबाचं मारत चला.

गडहिंग्लजकर
खिळ्याची युक्ती झकास. धन्यवाद.

जांबोटी_रोड
गोगलगायी!! मोठ्या शंखाच्या. रात्रीत झेंडूची रोपं नाहीशी. मीठ टाकू का?

लालमाती_खानापूर
मीठ मातीत टाकू नका, रोपंही जातील. संध्याकाळी ओलं पोतं पसरा, खाली कोबीची नाहीतर पपईची पानं. सकाळी पोतं उचला, सगळ्या तिथेच सापडतात. हातात पिशवी घालून उचला, उघड्या हाताने नको, आणि बादलीत मिठाच्या पाण्यात. दुकानातल्या गोळ्या कुत्र्यांना घातक आहेत. आमच्याकडे सगळ्या वाडीने मिळून पोती टाकली तेव्हा कुठे फरक दिसला, एकट्याने केलं तर शेजारच्या येतात.

हिंडलगा_गच्ची
दोडक्याला फुलं भरपूर, बोटभर दोडका धरतो आणि पिवळा होऊन गळतो.

कंग्राळीचा_बागवान
परागीकरण झालेलं नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतंय, पावसात माश्या येत नाहीत. दिवेलागणीला नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा आणि मादी फुलात फिरवा. मादी म्हणजे जिच्या मागं छोटा दोडका असतोय ती. काकडी-लाल भोपळ्याचं हेच काम सकाळी. दोडका धरून मोठा झाल्यावर वाकडा होऊन सडला तर ती फळमाशी, त्याला क्यूल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा.

वडगावकर
दसरा झाला, धागा वर काढतोय. पिवळ्या शेवंतीच्या दोन कुंड्या, एकाच झाडाच्या फुटव्यांच्या. माती, खत, पाणी सगळं सारखं. एक जिन्याच्या मागे आहे तिला कळ्याच कळ्या. दुसरी गेटजवळ, ऊनही जास्त, पण नुसती पानं. गेटजवळची उलट जास्त तरारलेली आहे. नर्सरीवाल्याने महागाचं फुलांचं टॉनिक गळ्यात मारलं, ढिम्म.

बागायतवाली
गेटजवळ रस्त्याचा दिवा आहे का?

वडगावकर
आहे की. नवीन पांढरा एलईडी, बरोबर डोक्यावर. रात्री गेटपाशी पेपर वाचता येतो.

बागायतवाली
मग टॉनिक देऊन काय होणार. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. दिवस लहान होत गेले की तिला कळतं, म्हणून ती दसरा-दिवाळीला फुलते. तुमच्या गेटपाशी रात्रच होत नाही, तिच्या लेखी अजून उन्हाळा चाललाय, म्हणून पानंच वाढवतेय. नाताळात येणाऱ्या त्या लाल पानांच्या पॉइन्सेटियाचंही हेच.

कुंडी उचलून जिन्याच्या मागे न्या. उचलण्यासारखी नसेल तर रोज संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत जाड काळं कापड घाला, पानांना चिकटणार नाही असं काठ्यांवर. कळ्यांना रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवायची नाही. अधेमधे थोडा वेळ उजेड पडला तरी तिचा हिशोब बिघडतो. शेंडे आता खुडू नका, खुडणं ऑगस्टपर्यंतच. फुलं सरली की बुंध्यापाशी फुटवे येतील, ते जानेवारी-फेब्रुवारीत वेगळे करून लावा.

अनगोळच्या_काकू
म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या देवळातली शेवंती म्हणूनच फुलत नाही! तिथे तर रात्रभर हॅलोजन.

वडगावकर
कुंडी मागे नेली. दिवाळीला नाही, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुलं मिळाली. आईला दिव्याचं कारण पटलेलं नाही, तिच्या मते जिन्यामागे मारुतीचा फोटो आहे म्हणून.

हिंडलगा_गच्ची
गच्चीवर पोत्यात रताळी होतील का? बेळगावात राहून रताळी विकत आणायला लाज वाटते.

कंग्राळीचा_बागवान
होतात की. पण आता नको, पुढच्या जून-जुलैत. वेलाचे हातभर लांब तुकडे घ्यायचे, शेंड्याकडचे, मधली दोन-तीन पेरं मातीत आडवी दाबायची. माती भुसभुशीत पाहिजे, सरांचं तुसाचं मिश्रण चालेल, फक्त शेणखत निम्मं करा. खत जास्त झालं की वेल गच्चीभर पसरतोय आणि खाली काहीच नाही. वेल जिथं मातीला टेकतो तिथं मुळं धरतो, म्हणून अधूनमधून उचलून पलटायचा. माती भेगाळली की भर घालायची, भेगेतून सोंड्या भुंगा आत जातो आणि रताळं कडू होतंय. चार महिन्यांनी काढायची.

हिंडलगा_गच्ची
वेलाचे तुकडे कुठून आणू?

कंग्राळीचा_बागवान
जूनमध्ये पिशवी घेऊन कंग्राळीला या. पैसे नको, येताना तुमच्या त्या दोडक्याचं बी आणा.